चाकावरचा षड्ज

रविवारी सकाळचा चहा झाला की मी कापूस घेऊन बसते. परळच्या आमच्या चाळीत आजीचा लक्षवातींचा नेम असायचा. दुपारच्या वेळी दारात बसून, बोटांना राख लावून ती वाती वळायची आणि मीही शेजारी बसून हात चालवायचे. तेच काम आता फ्रान्सच्या मध्यभागी, क्लेरमाँ-फेराँ या शहरात चालू आहे. माझी ही वात समईत जात नाही, वाद्याच्या तारेवर बसते. तार जिथे चाकाला टेकते, तिथे लांब धाग्याचा कापूस चिमटीत धरून तिच्याभोवती अलगद गुंडाळायचा. कापूस जास्त झाला की आवाज दबतो, कमी पडला की तार किंचाळते. पहिल्या हिवाळ्यात महिनाभर माझं वाद्य नुसतं खरखरत होतं. वाद्य बिघडलंय असं मी धरून चालले होते. मला शिकवणाऱ्या मास्तरीणबाईंनी वाद्य हातात घेतलं, तारेवरचा निम्मा कापूस काढून टाकला, चाकाला राळेचा खडा टेकवून दोन फेरे दिले आणि एक भरदार, गोल सूर खोलीभर पसरला.

या वाद्याला इंग्रजीत हर्डी-गर्डी म्हणतात. फ्रेंचमध्ये ते ‘व्हिएल आ रू’, म्हणजे चाकाचं व्हिएल. हंगेरीत ‘तेकेरो’, युक्रेनमध्ये ‘लिरा’. पेटीतला कागद फिरवून गाणी वाजवणारं रस्त्यावरचं यंत्र अनेकांनी चित्रपटात पाहिलेलं असतं आणि त्यालाही कधी कधी हेच इंग्रजी नाव लावतात. ते यंत्र वेगळं. हर्डी-गर्डीत आधीपासून भरून ठेवलेलं काहीच नसतं. सूर वाजवणाऱ्याच्या बोटांतून येतो आणि लय मनगटातून.

मांडीवर आडवं घ्यायचं, फुगीर पोटाचं हे लाकडी वाद्य पट्ट्याने कमरेला बांधतात. उजव्या टोकाला दांडा असतो. तो फिरवला की वाद्याच्या पोटातलं लाकडी चाक फिरतं आणि राळ लावलेली त्याची कड तारांना घासत राहते. थोडक्यात, हे चाक म्हणजे न संपणारा गज. सारंगीचा किंवा व्हायोलिनचा गज टोकाला पोचला की परत फिरतो. चाकाला टोकच नाही, त्यामुळे दांडा फिरतोय तोवर सूर तुटत नाही.

डाव्या हाताखाली पट्ट्यांची पेटी असते. पट्टी आत ढकलली की तिच्यावरची दोन लहान लाकडी निशाणं गाण्याच्या दोन तारांना बाजूने टेकतात. तारेची वाजती लांबी कमी होते आणि सूर चढतो. पट्टीला स्प्रिंग नसते. वाद्य थोडं पुढे कललेलं असतं, त्यामुळे बोट काढताच पट्टी स्वतःच्या वजनाने मागे पडते. शांत खोलीत वाजवताना सुरांच्या खाली त्या पट्ट्यांची लाकडी टकटक ऐकू येते. मला ती फार आवडते.

हे वाद्य मी पहिल्यांदा पाहिलं ते इथल्या एका गावच्या जत्रेत. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही इकडे येऊन दोन वर्षं झाली होती. चर्चच्या पायऱ्यांवर एक म्हातारे गृहस्थ वाजवत होते आणि मी त्यांच्या डाव्या हाताकडे बघत उभी राहिले, कारण तो हात मला ओळखीचा वाटला. माझे काका परळच्या गिरणीत साचेवाले होते आणि बेंजो पार्टीत बेंजो वाजवायचे. 1982च्या संपानंतर गिरणी सुटली, बेंजो सुटला नाही. हळदीला, गणपतीच्या मिरवणुकीला काकांची पार्टी ठरलेली. टाइपरायटरसारखी बटणं असलेलं हे वाद्य जपानी ‘ताइशोगोतो’चा वंशज आहे. नागोयाच्या मोरिता गोरो यांनी ते 1912 साली तयार केलं. आपल्याकडे ते बुलबुल तरंग झालं आणि मुंबईच्या गल्ल्यांमध्ये बेंजो. तारेवर बोट ठेवायचं नाही, बटण दाबून तार अडवायची, ही त्याची युक्ती. तीच युक्ती माझ्या समोरच्या वाद्यात होती, आणि ती तिथे आठशे वर्षांहून जास्त काळ नांदत होती.

“बटणं सूर देतात, गाणं नखीत असतं,” असं काका म्हणायचे. पुढे वर्ष-दीड वर्षाने मास्तरीणबाईंनी मला जवळपास हेच सांगितलं: पट्ट्या कोणीही दाबील, व्हिएल उजव्या मनगटात असतं.

त्या मनगटाची गोष्ट नीट सांगायला हवी, कारण वाद्याचा जीव तिथे आहे. व्हिएलवर गाण्याच्या तारांशिवाय आणखी काही तारा असतात. त्या सतत एकच सूर देतात, आपल्या तानपुऱ्यासारख्या. खर्जाचे दोन ‘बूर्दाँ’. मधल्या सप्तकातली एक, तिला ‘मूश’ म्हणजे माशी म्हणतात. आणि एक ‘त्राँपेत’, म्हणजे तुतारी. या तुतारीच्या तारेखालची घोडी पक्की बसवलेली नसते. तिचा एक पाय खाचेत अडकवलेला, दुसरा वाद्याच्या पृष्ठावर नुसता टेकलेला. चाक एका वेगाने फिरत असताना ही घोडी गप्प बसते. मनगटाने चाकाला झटका दिला की तार जोरात थरारते, मोकळा पाय लाकडावर तडतडतो आणि ‘झर्र’ असा आवाज उठतो. या सुट्या घोडीला फ्रेंच वादक ‘शियाँ’ म्हणतात, म्हणजे कुत्रा. तारेखालच्या घोडीला आपण घोडी म्हणतो, तेही तिला ‘श्वाले’ म्हणजे लहान घोडाच म्हणतात. एका वाद्यावर घोडा, कुत्रा आणि माशी नांदतात.

कुत्रा किती लवकर भुंकावा हे एका बारीक खुंटीवर ठरतं. खुंटीला बांधलेला दोरा तुतारीची तार किंचित ओढून धरतो. खुंटी केसभर पिळली तर कुत्रा सारखाच गुरगुरतो, केसभर सोडली तर उठतच नाही. मिरजेचे कारागीर तानपुऱ्याची घोडी घासून जवारी काढतात, मग गायक तारेखाली सुताचा दोरा सरकवून ती जागेवर आणतो. खुंटी पिळताना मला नेहमी तो दोरा आठवतो. तानपुऱ्यात ही झार सुराला उजाळा देते. व्हिएलमध्ये ती लय धरते. चाकाच्या एका फेऱ्यात दोन, तीन, चार, सहा असे झटके द्यायचे, आणि तेही फेरा न अडखळता. चार झटके समान अंतराने यायला मला आठ महिने लागले.

आपल्याकडे याचं सगळ्यात जवळचं नातं मला तुणतुण्यात दिसतं. गोंधळात संबळ बोलत असतो, पोवाड्यात शाहिराचा डफ. शेजारचा तुणतुणेवाला एका तारेवर षड्जही धरतो आणि लयही. सूर आणि ठेका एकाच तारेतून. व्हिएलची तुतारी हेच करते, आणि त्याच वेळी त्याच माणसाचा दुसरा हात गाणं वाजवत असतो. म्हणून एकटा व्हिएलवाला सबंध गावाला नाचवू शकत असे.

वाद्याचा पूर्वज दोघांनी मिळून वाजवायचा होता. स्पेनमधल्या सांतियागो दे कोंपोस्तेलाच्या कॅथेड्रलला उस्ताद मातेओ याने घडवलेलं दगडी द्वार आहे. त्याच्या चौकटीच्या आडव्या शिळेवर 1188 साल कोरलंय. कमानीवर चोवीस वृद्ध वाद्यं घेऊन बसलेत आणि अगदी मधोमध दोघांच्या मांडीवर मिळून एक लांबट वाद्य आहे, ‘ऑर्गनिस्ट्रम’. एकाने दांडा फिरवायचा, दुसऱ्याने सूर बदलायचे. मी खाली उभी राहून मान दुखेपर्यंत बघत होते. दोघांची डोकी एकमेकांकडे कललेली आहेत, दोन वादक सूर जुळवताना कलतात तशीच.

पुढे वाद्य लहान झालं, एकट्याच्या मांडीवर आलं आणि त्याची प्रतिष्ठा वर-खाली होत राहिली. बॉशने ‘गार्डन ऑफ अर्थली डिलाइट्स’ या चित्रातल्या नरकात त्याला जागा दिली. 1619 साली जर्मन पंडित प्रेटोरियसने ते शेतकऱ्यांचं आणि भटक्या बायांचं म्हणून बाजूला काढलं. जॉर्ज द ला तूरने रंगवलेला व्हिएलवाला आंधळा आहे. युक्रेनमध्येही अंध लिर्निक गावोगाव धार्मिक गाणी गात हिंडत. मग अठराव्या शतकात वारं फिरलं. फ्रेंच दरबाराला मेंढपाळांच्या साध्या जगण्याची ओढ लागली. व्हर्सायच्या बाताँ नावाच्या कारागिराने जुन्या गिटारींच्या आणि ल्यूटच्या पोटांवर व्हिएलं बांधायला घेतली. खुद्द राणी मारी लेश्चिन्स्का व्हिएल वाजवू लागली. 1737 साली पॅरिसमध्ये व्हिवाल्डीच्या नावावर ‘इल पास्तोर फिदो’ हा संग्रह छापला गेला. मुखपृष्ठावरच्या वाद्यांमध्ये व्हिएलही होतं. संग्रह खरं तर निकोला शेदव्हील याने जुळवला होता, हे विसाव्या शतकात उघड झालं. राज्यक्रांतीनंतर दरबार गेला, फॅशन गेली. वाद्य खेड्यात टिकलं, कारण तिथे त्याच्यावर नाचायला पाय होते.

आमच्या शहराच्या उत्तरेला झाँझा नावाचं लहानसं गाव आहे. एकोणिसाव्या शतकात पाजो घराण्याच्या कारागिरांनी ते व्हिएलसाठी नावारूपाला आणलं. त्यांच्या वाद्यांच्या खुंट्यांच्या पेटीच्या टोकाला माणसाचं कोरीव डोकं असतं, कडांना हस्तिदंताची आणि काळ्या लाकडाची नक्षी. त्यांचं घर आता संग्रहालय आहे. तिथली काचेमागची वाद्यं सुंदर आहेत आणि गप्प आहेत. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला काकांचा बेंजो आठवला. काकांचे गुडघे गेल्यापासून तो कपाटावर गवसणीत पडून होता.

आता रचनेबद्दल लिहिते, कारण वाद्य मला खरं कळलं ते त्याच्यासाठी चाल बांधायला घेतली तेव्हा.

मास्तरीणबाईंच्या वर्गात हिवाळा संपेपर्यंत प्रत्येकाने एक ‘बुरे’ रचायची असा नियम आहे. बुरे म्हणजे या भागाचा नाच. शेजारच्या बेरी आणि बूर्बोने प्रांतांत तो दोनच्या लयीत असतो, आमच्या ओव्हेर्न्यमध्ये तीनच्या. चालीचे दोन भाग, प्रत्येक भाग दोनदा. नाचणारे समोरासमोर येतात, जागा बदलतात, ओळीच्या शेवटी टाच आपटतात. ऐकायला सोपं. रचायला बसले आणि वाद्याने एकेक अट पुढे केली.

पहिली अट षड्जाची. खर्जाच्या तारा सतत वाजत असतात, त्यामुळे चाल त्या सुरांशी बांधलेली. मध्येच षड्ज बदलून दुसऱ्या पट्टीत जाणं नाही. पियानोवाल्याला हे बंधन वाटेल. तानपुऱ्यासमोर बसलेल्याला ते घर वाटतं. शूबर्टने 1827 साली ‘विंटररायझं’ ही गीतमाला रचली. तिच्या शेवटच्या गाण्यात बर्फात उभा असलेला हर्डी-गर्डीवाला येतो. शूबर्टने पियानोच्या डाव्या हाताला सुरुवातीपासून शेवटपर्यंत नुसता षड्ज-पंचम दिला. तेवढ्यानेच वाद्य डोळ्यांसमोर उभं राहतं.

दुसरी अट मोकळ्या तारेची. माझ्या व्हिएलवर गाण्याच्या तारा ‘जी’ या सुरात लावलेल्या आहेत. खर्जाच्या तारांपैकी ‘जी’च्या चालू ठेवल्या तर मोकळी तार षड्ज होते. ‘सी’च्या चालू ठेवल्या तर तीच मोकळी तार खालचा पंचम होते आणि चाल षड्जाच्या दोन्ही बाजूंना हिंडू शकते. चाल षड्जावर उभी करायची की पंचमावरून चढवायची, हे रचणाऱ्याने आधीच ठरवायचं. मी पंचम निवडला. आजीच्या ओव्यांच्या चाली खालच्या पंचमावरून उचलल्या जायच्या, त्या कानात होत्या.

तिसरी अट अखंडतेची. बासरीवाल्याला श्वास घ्यावा लागतो, त्यामुळे त्याच्या चालीत विराम आपोआप येतो. इथे चाक थांबत नाही, विराम नाही. एकच सूर दोनदा म्हणायचा तर मध्ये पट्टी सोडायची म्हणजे मोकळी तार क्षणभर डोकावते, नाहीतर कुत्र्याला झटका देऊन तो सूर कापायचा. मींडही नाही. सूर पायऱ्यापायऱ्यांनीच जातो. पण एक गोष्ट या वाद्यात अशी आहे जी बाजाच्या पेटीत नाही. पट्टीवरचं निशाण सुटं असतं, ते किंचित वळवता येतं. गंधार षड्जाला लागत नसेल तर तेवढंच निशाण केसभर फिरवायचं आणि गंधार खऱ्या जागी बसतो. मी एक अख्खी संध्याकाळ एका गंधारासाठी दिली. तो बसला तेव्हा तारांच्या आतून वरचा एक बारीक सूर आपोआप गाऊ लागला. चांगल्या लागलेल्या तानपुऱ्यातून येतो, तोच.

चौथी अट पायांची, आणि तिथे मी चुकले. माझ्या चालीचा दुसरा भाग तयार झाला तेव्हा नकळत मी मनगटाचा जोर दुसऱ्या मात्रेवर टाकला होता. हळदीला काकांच्या पार्टीत ऐकलेला कोळी ठेका हातात मुरलेला होता. घरी वाजवताना मला तो भाग सगळ्यात जास्त आवडायचा. मार्चमध्ये गावाच्या सभागृहात आमच्या चालींवर नाच झाला. पहिल्या भागाला बारा माणसं छान नाचली. दुसरा भाग आला आणि ओळ विस्कटली. टाच आपटायच्या जागी कुत्रा गप्प, आणि पाय हवेत असताना तो भुंकतोय. कोणी काही बोललं नाही. नाचणारे पुन्हा ओळीत उभे राहिले आणि वाट बघू लागले. मास्तरीणबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, “पायांसाठी वाजव.” मी सूर एकही बदलला नाही. झटके पहिल्या मात्रेवर नेले, आणि शेवटच्या ओळीआधीच्या लांब सुरावर कुत्र्याला पूर्ण झोपवलं. नुसता सूर आणि खर्ज राहिला, मग टाच आणि झटका एकत्र. ओळ पुढे सरकली. त्या चालीचं नाव मी ‘परळ’ ठेवलं.

चाल कागदावर पुरी होत नाही हे मला त्या सभागृहात कळलं. तारेला कापूस लागतो, चाकाला राळ लागते, तशी चालीला माणसं लागतात.

हे वाद्य आज जिवंत आहे तेही अशाच माणसांमुळे. विसाव्या शतकाच्या मध्यावर फ्रान्समध्ये ते जवळजवळ म्हाताऱ्यांच्या घरातच उरलं होतं. सत्तरच्या दशकात तरुण मुलं त्या म्हाताऱ्यांकडे गेली, चाली शिकली, वाद्यं उघडून बघितली आणि नवी बांधायला लागली. 1976 साली बेरी प्रांतातल्या साँ-शार्तिए गावी वाद्य बनवणाऱ्यांचा आणि वाजवणाऱ्यांचा मेळा सुरू झाला. जॉर्ज सँड या लेखिकेने 1853 साली याच भागातल्या वादकांवर कादंबरी लिहिली होती. तो मेळा आता जवळच्या आर्सच्या गढीत दर जुलैमध्ये भरतो. त्याचं नाव ‘ल साँ काँतिन्यू’, म्हणजे अखंड सूर. झाडांखाली कारागिरांची टेबलं लागतात. कोणाचंही वाद्य उचलून वाजवून बघता येतं. रात्री उशिरापर्यंत नाच चालतो. वालाँतँ क्लास्त्रिए यांनी इलेक्ट्रो-अकूस्टिक व्हिएल घेऊन ते जॅझच्या आणि आजच्या संगीताच्या मैदानात नेलं. इंग्लंडच्या नायजेल ईटन यांनी 1994 साली जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट यांच्या ‘नो क्वार्टर’ या अल्बममध्ये ते वाजवलं.

स्वीडनमध्येही असंच घडलं. तिथल्या ‘निकेलहार्पा’ या वाद्याला व्हिएलसारख्याच पट्ट्या असतात, फक्त चाकाऐवजी गज. ते लोप पावायला आलं असताना उपलांडच्या एरिक साल्स्ट्रॉम यांनी ते वाजवलं, घडवलं, शिकवलं आणि त्याच्यासाठी नव्या चाली रचल्या. त्या चाली तिथे आजही वाजतात. आमच्या ओव्हेर्न्यच्या ‘काब्रेत’ या मशकवाद्याची घडण तर पॅरिसमध्ये झाली. पोटासाठी तिथे गेलेल्या, पाणी वाहणाऱ्या, कोळसा विकणाऱ्या इथल्या लोकांनी एकोणिसाव्या शतकात ती केली. परळच्या चाकरमान्याच्या घरात वाढलेल्या मुलीला ही गोष्ट दोनदा सांगावी लागत नाही.

या सगळ्यातून माझ्या हाती एकच गोष्ट आली. काचेमागे ठेवून लाकूड टिकतं. वाद्य टिकायला त्याला दुरुस्त करणारा हात, त्यावर हलणारे पाय आणि त्याच्यासाठी रचलेली नवी चाल लागते. जुन्या चाली जपायलाच हव्यात, मी त्या शिकतेच. पण ज्या वाद्यासाठी गेल्या पन्नास वर्षांत कोणी काही रचलेलं नाही, ते वाद्य आठवण होऊन बसतं.

गेल्या दिवाळीत परळला गेले तेव्हा कपाटावरचा बेंजो खाली काढला. तारा गंजल्या होत्या, तीन बटणं अडकत होती. लालबागच्या दुकानातून तारा आणल्या, बटणं तेल-पाणी करून सोडवली आणि ‘परळ’ची चाल काकांना वाजवून दाखवली. त्यांनी ऐकली, बेंजो मांडीवर ओढून घेतला आणि दुसऱ्या भागाचा जोर परत दुसऱ्या मात्रेवर नेला. हळदीत नाचणाऱ्या पायांना तो तिथेच हवा. ते बरोबर होते.

तुमच्या घरात तुणतुणं, बेंजो, संबळ, आजोबांची बासरी असं काही टांगून ठेवलं असेल तर ते खाली काढा. तार बदला, कातडं तापवून घ्या, येतील त्या दोन जुन्या चाली वाजवा. आणि मग त्या वाद्यासाठी चार ओळींची का होईना, स्वतःची एक चाल बांधा आणि ती कोणालातरी शिकवा.